शरीराची सूक्ष्म गरज : जीवनसत्त्वे आणि खनिजे

मनुष्य दररोज जे अन्न खातो, त्याचे वजन केले तर त्यातील फार मोठा भाग पाणी, पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचाच भरतो. त्यांतून ऊर्जा मिळते आणि शरीराची बांधणी होते. मात्र ही ऊर्जा मोकळी करणे, रक्त तयार करणे, हाडे घट्ट करणे, मज्जातंतूंतून संदेश वाहून नेणे ही कामे ज्यांच्यावाचून अडून बसतात, ते घटक काही मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम एवढ्याच मात्रेत लागतात. त्यांनाच आपण जीवनसत्त्वे व खनिजे म्हणतो. आयोडीनचे उदाहरण घ्यावे. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. ऐंशी वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तरी एकूण गरज पाच ग्रॅमच्या आतच राहते. लहान चमच्यात मावेल एवढ्या या द्रव्यावाचून गळ्याला गलगंड होतो, आणि मातेच्या पोटात असताना ते पुरेसे मिळाले नाही, तर मुलाची बौद्धिक वाढ कायमची खुंटू शकते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या सूक्ष्म घटकांची उणीव हा घरोघरचा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेले. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर केलेल्या या तपासणीच्या अचूकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे खरे. तथापि त्या शंकेचा फायदा देऊनही उरणारा आकडा समाधान मानावे असा नाही.

नाव कसे पडले?

एखादा पदार्थ आहारात नसल्यामुळे रोग होऊ शकतो, ही कल्पना वैद्यकाला फार उशिरा पटली. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीने आजारी पडलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला. संत्री व लिंबे मिळालेले दोघे काही दिवसांतच उठून बसले. असे असूनही ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नियमाने देण्याचा निर्णय घेतला तो १७९५ मध्ये. सरकारी कामाची ही गती त्या काळीही अपरिचित नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांच्या लक्षात आले, की पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा पाय लुळे पाडणारा विकार जडतो आणि तांदळाचा कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यातील ते द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. भात हेच मुख्य अन्न असूनही उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत बेरीबेरी विरळा असे. भात उकडताना कोंड्याच्या थरातील जीवनसत्त्व दाण्यात उतरते, हे त्याचे कारण. कोकण आणि गोव्यातील उकड्या तांदळाच्या पेजेला पोषणाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यामुळेच. पुढे १९१२ मध्ये कॅसिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना ‘व्हायटामिन’ हे नाव सुचविले. ती सारी ‘अमाईन’ या रासायनिक गटातील असावीत, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा ठरला, नाव मात्र राहिले.

आज तेरा जीवनसत्त्वे मानली जातात. अ, ड, इ आणि के ही चार स्निग्ध पदार्थांत विरघळतात व यकृतात किंवा चरबीत साठून राहतात. ब गटातील आठ आणि क जीवनसत्त्व ही पाण्यात विरघळणारी असून त्यांपैकी बहुतेकांचा मोठा साठा शरीर करू शकत नाही. ब गटाची गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, ती जादा झालेले रिबोफ्लेविन बाहेर टाकले जात असल्याने. गोळी ‘लागू पडल्याचे’ ते लक्षण नव्हे.

गिरणगावातील स्त्रिया आणि फॉलिक आम्ल

जीवनसत्त्वांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय होत असे व त्यात अनेकींचा जीव जाई. त्याचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी या रुग्णांच्या रक्ताचा व आहाराचा अभ्यास केला. लोहाच्या उणिवेत तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या होत्या आणि लोह देऊनही त्यांच्यात फरक पडत नव्हता. ज्या घरांत भाज्या, फळे व दूध जवळजवळ नसे, तेथे हा विकार अधिक, असेही दिसून आले.

विल्स यांनी माकडांना या स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार देऊन पाहिला व त्यांनाही तसाच रक्तक्षय झाला. मग एक एक पदार्थ आहारात मिसळत जाताना मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने गुण येतो, असे आढळले. गरोदर स्त्रियांवरही तोच परिणाम दिसला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले आणि यीस्टमधील त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ हे नाव मिळाले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून ते फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळमध्ये सुरू झालेल्या शोधाचा शेवटचा टप्पा अशा रीतीने एका भारतीयाने गाठला.

पेशी विभागण्यापूर्वी तिच्या केंद्रकातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते. त्या कामाला फॉलिक आम्ल लागते. अस्थिमज्जेत दर सेकंदाला लक्षावधी तांबड्या पेशी तयार होत असल्याने उणीव प्रथम रक्तात उमटते. गर्भातही पेशींची वाढ अशीच झपाट्याने होत असते. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू बनतो, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद व्हावी लागते. ती न मिटल्यास पाठीच्या कण्यात फट असलेले, कधी मेंदूच न बनलेले मूल जन्माला येते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, असे मूल पूर्वी झालेल्या मातांना फॉलिक आम्ल दिल्याने पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. अठ्ठाविसावा दिवस उलटतो तेव्हा बहुतेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याची खात्रीही झालेली नसते. दुसऱ्या वा तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव नोंदविल्यावर मिळणारी गोळी रक्तासाठी उपयोगी पडते, पण या व्यंगासाठी तिची वेळ निघून गेलेली असते. म्हणून मूल हवे असे ठरविल्यापासूनच दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, अशी शिफारस आहे. पहिले मूल अशा व्यंगाचे झालेले असल्यास मात्रा बरीच मोठी असते व ती डॉक्टरांनीच ठरवावी लागते. आपल्याकडे लग्नाच्या याद्यांमध्ये शेकडो वस्तू असतात. ही काही पैशांची गोळी मात्र नसते.

शाकाहारी थाळीतील उणीव

फॉलिक आम्लाचा जोडीदार म्हणजे ब-१२. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवीत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि प्राण्यांच्या मांसातून, यकृतातून, अंडी, मासे व दुधातून ते आपल्यापर्यंत पोहोचते. प्रौढाला दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे चहातल्या दुधावर विसंबणाऱ्या शाकाहारी व्यक्तीची गरज भागणे कठीण. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव हळूहळू, नकळत वाढत जाते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, जीभ लालबुंद व गुळगुळीत होणे, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे. वृद्धांत ती वयाची म्हणून सोडून दिली जातात. उपचारास फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही.

पुण्यात या विषयावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. गरीब झोपडपट्टीवासीयांपेक्षा सुस्थितीतील वर्गात उणीव अधिक, हा उलटा वाटणारा निकाल शाकाहाराशी जोडलेला होता. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा याच संशोधकांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फॉलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही प्रवृत्ती मधुमेहाकडे नेणारी असते. गरोदरपणी केवळ एकाच जीवनसत्त्वाचा मारा करण्यातील धोका यातून पुढे आला.

याचा अर्थ शाकाहार सोडावा असा नाही. दूध-दह्याचे प्रमाण वाढविता येते, आणि ते पुरत नसेल तर गोळीवाटे ब-१२ घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणारी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी मात्र, ते मांसाहारी असले तरी, अधूनमधून ब-१२ तपासून घ्यावे. या औषधांनी त्याचे शोषण कमी होते.

लोह : असून नसल्यासारखे

प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते व त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. फुप्फुसांतून प्राणवायू उचलून पेशींपर्यंत नेण्याचे काम हे हिमोग्लोबिन करते. ते कमी पडले की जिना चढताना धाप लागते, काम उरकत नाही, मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. स्त्रियांत प्रतिडेसिलिटर १२ ग्रॅम, गरोदर स्त्रियांत ११ व पुरुषांत १३ ग्रॅम ही किमान मर्यादा समजली जाते. दर महिन्याची पाळी, बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांमुळे स्त्रीची गरज अधिक असते. घरातील पुरुष व मुलांची जेवणे उरकल्यावर तळाशी उरलेल्या भाजीवर जेवण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याचे ताट सर्वांत शेवटी, असा हा व्यवहार आहे.

गंमत अशी, की ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ व पालेभाजी असलेल्या ताटात कागदोपत्री लोह बरेच असते. परंतु वनस्पतिजन्य लोहापैकी जेमतेम पाच ते आठ टक्केच रक्तात उतरते. मांसातील लोहाबाबत हे प्रमाण पंधरा ते पस्तीस टक्के असते. धान्य व कडधान्यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवतात. जेवण होताच चहा घेण्याची सवय म्हणूनच घातक. तो तास-दीड तासाने घेतला तर बिघडत नाही. उलट क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढविते. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे, जेवणानंतर पेरूच्या दोन फोडी किंवा आवळा खाणे, हे उपाय कोणालाही परवडणारे आहेत. मोड आणल्याने व पीठ आंबविल्याने फायटेट कमी होते. पालेभाजी चिरून मग धुण्याची आणि शिजविलेले पाणी ओतून देण्याची पद्धत मात्र सोडायला हवी, कारण त्या पाण्याबरोबर फॉलेट व क जीवनसत्त्व मोरीत जाते.

गुळाविषयीही एक गैरसमज आहे. गुळात लोह असते, पण दहा ग्रॅमच्या खड्यातून ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. तेव्हा गूळ-शेंगदाण्यावर रक्तक्षय बरा करू पाहणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

बाजरीबाबत मात्र एक आशादायक प्रयोग राज्यात झाला आहे. पारंपरिक निवड पद्धतीने लोहाचे प्रमाण वाढविलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी राज्यातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींवरील चाचणीत दररोज दोन वेळा देण्यात आली. चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा साध्या बाजरीच्या गटापेक्षा लक्षणीय वाढला. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार न बदलता, आहे त्याच भाकरीतून लोह देण्याचा हा मार्ग शेतकरी कुटुंबांना गोळीपेक्षा अधिक रुचण्याजोगा आहे.

रक्तक्षय एकदा झाला, की मात्र केवळ आहाराने तो लवकर भरून निघत नाही. सरकारी योजनेत गरोदर स्त्रीला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी दिली जाते, तर शाळेतील किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी. देशात रक्तक्षयाविरुद्ध गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम १९७० पासून या ना त्या नावाने चालू आहे. इतकी वर्षे झाली तरी आकडे हलत नाहीत, याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक अगदी साधे आहे. या गोळीने शौचास काळे होते, काहींना मळमळ किंवा बद्धकोष्ठ होतो आणि हे आधी कोणी सांगितलेले नसते. मग गोळ्यांची पाकिटे फडताळात पडून राहतात. शौचाचा काळा रंग निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती कधीही घेऊ नये. अनवाणी चालणाऱ्यांच्या शरीरात शिरणारे अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात. म्हणून जंतनाशक औषधाशिवाय लोहाचा उपचार अपुरा ठरतो.

हाडे आणि ऊन

शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते व त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का रक्तात व पेशींत फिरतो. स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके, रक्त गोठणे त्यावर अवलंबून असते. रक्तातील पातळी ढळू नये म्हणून शरीर गरज पडल्यास हाडांतून कॅल्शियम काढून घेते. त्यामुळे रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक असूनही हाडे पोखरलेली असू शकतात. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२०, आणि तिळात तर हजारांहून अधिक. तिळाच्या सालीतील व पालकातील ऑक्झलेट मात्र बरेचसे कॅल्शियम अडवून ठेवते, तेव्हा आकड्यांवरून फार हुरळून जाऊ नये.

आहारातील कॅल्शियम आतड्यातून आत घ्यायचे तर ड जीवनसत्त्व हवे. ते त्वचेत उन्हातील अतिनील किरणांनी तयार होते, यकृतात व मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होते आणि मग ते एखाद्या संप्रेरकासारखे काम करते. बालपणी ते कमी पडले तर पाय वाकतात, यालाच मुडदूस म्हणतात. या रोगाचा उलगडा होण्यात नाशिकचा वाटा आहे. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक परिसरात केलेला अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया व मुलांत चांगले खाणेपिणे असूनही हा विकार होता. शेतात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो दिसत नव्हता. फरक अन्नाचा नसून उन्हाचा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

आता पडद्याची जागा बंद खिडक्यांची कार्यालये, शिकवण्यांचे वर्ग आणि उंच इमारतींच्या सावल्यांनी घेतली आहे. कोवळ्या उन्हात बसल्याने ड जीवनसत्त्व मिळते, असे सर्रास सांगितले जाते. परंतु सूर्य खाली असताना आवश्यक ते किरण वातावरणातच शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळी, म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, हात, पाय व चेहरा काही मिनिटे उघडे ठेवणे उपयोगी पडते. गडद त्वचेला अधिक वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे काचेमागे बसून घेतलेल्या उन्हाने ऊब मिळेल, ड जीवनसत्त्व नाही.

मिठातून आयोडीन

थायरॉईड ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरके बनविते. पाऊस व पुरांनी माती धुऊन जाणाऱ्या डोंगराळ भागात जमिनीतच आयोडीन उरत नाही. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांत आयोडीनयुक्त व तिसऱ्यात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या विभागांत गलगंड झपाट्याने घटला. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० मध्ये उठविण्यात आली व मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. घरातील मिठात दशलक्ष भागांस किमान १५ भाग आयोडीन असावे, असा निकष आहे. ओलसर हवेत उघड्या बरणीत ते कमी होत जाते, म्हणून झाकण घट्ट हवे. आयोडीनसाठी मीठ जास्त खाण्याची मात्र मुळीच गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे, आणि लोणचे, पापड, फरसाण यांमुळे आपण ती सहज ओलांडतो.

अ जीवनसत्त्वाचे काम डोळ्यांच्या पडद्यावर व शरीरातील नाजूक अस्तरांवर चालते. ते कमी पडले की प्रथम रातांधळेपणा येतो आणि पुढे बुबुळ विरघळून कायमचे अंधत्व येऊ शकते. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा यांतील कॅरोटीनपासून शरीर ते बनविते, पण त्यासाठी जेवणात थोडे तेल किंवा तूप हवे. जस्ताचे महत्त्व तर फार उशिरा कळले. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६० च्या सुमारास इराणमधील खुजट राहिलेल्या तरुणांच्या अभ्यासातून माणसाला जस्ताची उणीव भासते हे दाखविले. आज अतिसार झालेल्या बालकाला जलसंजीवनीबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी देतात. जुलाब थांबले म्हणून पालक ती तिसऱ्या दिवशी बंद करतात, ते योग्य नाही.

अधिक म्हणजे चांगले नव्हे

औषधांच्या दुकानात आणि आता मोबाइलवरही केस गळण्यापासून थकव्यापर्यंत सर्वांवर एकच बहुगुणी गोळी सुचविणाऱ्या जाहिरातींचा सुळसुळाट आहे. ज्याच्या शरीरात उणीव आहे, त्याला योग्य जीवनसत्त्व दिल्याने आश्चर्यकारक गुण येतो. ज्याच्यात ती नाही, त्याला जादा मात्रेने तसा लाभ होत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. कर्करोग टळेल या आशेने ती चाचणी हाती घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. क जीवनसत्त्व रोज घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फार तर तिचा काळ किंचित कमी होतो. अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा गरोदरपणी घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. ड जीवनसत्त्वाची आठवड्याला घ्यायची ६० हजार एककांची पुडी काहीजण चुकून रोज घेतात. त्यातून रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, मुतखडा व मूत्रपिंडाची हानी होते. पुडीवर डॉक्टरांनी लिहिलेला ‘आठवड्यातून एकदा’ हा शब्द घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.

खनिजांचा अतिरेक पाण्यातूनही होतो. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅम ही इष्ट, तर दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्याहून अधिक फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे सांधे व कणा ताठरतो. आहारात कॅल्शियम व क जीवनसत्त्व कमी असलेल्यांना हा त्रास अधिक होतो.

लोहाच्या बाबतीतही एक सावधगिरी आवश्यक आहे. थॅलेसेमियाच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या यकृतात व हृदयात लोह साठत जाते व ते काढून टाकण्यासाठी स्वतंत्र औषध द्यावे लागते. थॅलेसेमिया मायनर असलेल्या निरोगी व्यक्तीचे हिमोग्लोबिनही थोडे कमी आणि पेशी लहान असतात. वरवर पाहता हे चित्र लोहाच्या उणिवेसारखेच दिसते. महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मात्रा वाढविण्याऐवजी फेरिटिन व हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या दोन तपासण्या करून घेणे श्रेयस्कर. विवाहापूर्वी दोघांचीही दुसरी तपासणी झाली, तर पती-पत्नी दोघेही मायनर असल्याचे वेळीच कळते आणि गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत गर्भाची तपासणी करता येते.